आधी मोजणी, मग धोरण : प्रा. धनंजयराव गाडगीळ

सालाबादप्रमाणे स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा एक सूचना केली. संतांची आणि स्वातंत्र्यवीरांची चरित्रे आपल्या अंकात पुष्कळ येऊन गेली. या वेळी एखाद्या विद्वानाचे चरित्र यावे आणि त्याच्या विद्येचा सामान्य माणसाला काय उपयोग झाला, तेही त्यात यावे. गणपती ही विद्येची देवता, तेव्हा सूचना रास्तच होती. मी कै. प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव सुचवले. गाडगीळ म्हटले की जुन्या मंडळींना केंद्रीय मंत्री काकासाहेब गाडगीळ आठवतात. हे गाडगीळ वेगळे. हे अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष.

मी स्वतः अर्थशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांच्याच संगतीत आहे. तरीही या माणसाबद्दल मला आपुलकी वाटते, कारण त्यांची कामाची रीत आमच्या खात्याच्या रीतीशी जुळणारी आहे. नाल्यावर पूल बांधायचा तर पावसाळ्यात पाणी कुठवर चढते, खाली माती आहे की खडक, हे पाहिल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाया खणत नाही. पण लाखो माणसांचे पोट ज्यावर अवलंबून, ती सरकारी धोरणे ठरवताना अशी पाहणी होतेच असे नाही. ती व्हावी, आणि प्रामाणिकपणे व्हावी, यासाठी गाडगीळांनी आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे दिली.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. बालपण आणि शाळा मात्र नागपुरात. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे आजोळ किंवा सासर ज्या मुलखात आहे, तिथलेच त्यांचे संस्कार. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि आपला दुर्ग जिल्हाही त्याच प्रांतात होता. पुढे ते उच्च शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला, तो १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. विषय होता भारताची अलीकडच्या काळातील औद्योगिक वाटचाल. लेखकाचे वय अवघे तेवीस! हे पुस्तक पुढे कित्येक दशके देशभरच्या कॉलेजांत अभ्यासले गेले.

त्या पुस्तकात आम्हा रेल्वेवाल्यांनी वाचावे असे बरेच आहे. रेल्वे आली आणि खेड्यातला कापूस, गहू, गळिताची धान्ये दूरच्या बाजारात जाऊ लागली. त्याच गाड्यांतून परदेशी कापड खेड्यापर्यंत येऊन पोहोचले. शहरातले जुने कारागीर का बुडाले, याची कारणे गाडगीळांनी मांडली ती अशी : राजेरजवाड्यांचे दरबार गेले, परकी राज्य आले आणि लोकांच्या आवडीनिवडी बदलल्या, आणि त्यावर यंत्राच्या मालाची स्पर्धा आली. एका कारणावर सगळा दोष टाकून मोकळे होणे त्यांना मान्य नव्हते. हा त्यांचा स्वभाव शेवटपर्यंत टिकला.

परत आल्यावर त्यांनी थोडा काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. सरकारी नोकरीत राहते तर मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले असते. पण १९२५ साली ते सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९३० साली पुण्यात आले. रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून आणि भारत सेवक समाजाच्या छायेखाली त्या वर्षी गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली होती. नामदार गोखले सरकारचे अंदाजपत्रक आकड्यांनिशी तपासत असत. त्यांच्या नावाच्या संस्थेला तसाच संचालक मिळाला. १९३० ते १९६६ अशी छत्तीस वर्षे ते त्या पदावर होते.

संस्थेची सुरुवातीची कामे पाहिली तर गंमत वाटते. मोठमोठे सिद्धांत बाजूला ठेवून हे लोक पुण्याच्या फळबाजारात जाऊन उभे राहिले. शेतकऱ्याच्या बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कोणाकोणाकडून जाते आणि वाटेत कोण किती कापून घेतो, याची त्यांनी पाहणी केली. तो अहवाल १९३३ चा. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात भाजी घेताना आपल्यालाही हा प्रश्न पडतोच. फरक इतकाच की आपण घरी येऊन विसरून जातो. नंतर १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीचा अहवाल आला. त्या वेळी मोटारींमुळे रेल्वेचे उतारू तुटतात म्हणून सरकारदरबारी मोठी चिंता चालू होती, आणि बसधंद्याची खरी स्थिती काय, हे जाणून घ्यायची गरज होती. पुढे वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी झाली. खुद्द पुणे शहराचीही सामाजिक-आर्थिक पाहणी झाली; तिचा पहिला भाग १९४५ मध्ये छापला गेला.

आता मी ज्या कामाबद्दल सांगणार आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नगर आणि नाशिक जिल्ह्यांत इंग्रजांनी गोदावरी आणि प्रवरा नद्यांवर कालवे काढले होते. आपल्याकडे तांदुला धरण झाले, तोच साधारण हा काळ. अशा कालव्यांचा फायदा सरकार कसे मोजत असे? खर्च किती झाला आणि पाणीपट्टी वगैरेतून तिजोरीत परत किती आले, एवढ्यावर. या हिशोबात दुष्काळी मुलखातले कालवे नेहमी तोट्याचे ठरत. आणि तोट्याचे म्हटले की नवे कालवे काढायला नकार.

गाडगीळांच्या माणसांनी गावोगाव जाऊन बागायत शेती आणि जिरायत शेती यांची तुलना केली. शेतकऱ्याचे उत्पन्न किती वाढले हे तर पाहिलेच, पण त्याच्या पलीकडेही पाहिले. मजुराला किती जास्त दिवस काम मिळाले? गाडीवानाला, गूळ करणाऱ्याला, बाजारपेठेतल्या दुकानदाराला काय मिळाले? सरकारला इतर करांतून काय मिळाले? हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा फायदा पाणीपट्टीच्या पावतीत मावत नाही, तो साऱ्या मुलखात पसरतो, हे त्यात आकड्यांनी दाखवले होते.

हे मला इतके भावते याचे कारण आमच्या खात्यात आहे. लेव्हल क्रॉसिंगच्या जागी उड्डाणपूल व्हावा की नाही, हे ठरवण्यासाठी फाटकावर रहदारीची गणती होते. सात दिवस माणसे बसवून वाहने मोजतात, आणि गाड्यांची संख्या व रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करतात. त्याला आम्ही टी.व्ही.यू. म्हणतो. मोटार, ट्रक, बैलगाडी यांचा एक-एक आकडा. ऑटो किंवा सायकलरिक्षा यांचा अर्धा. पायी जाणारा माणूस मात्र या गुणाकारात येत नाही. डोक्यावर पाटी घेऊन रूळ ओलांडणारी बाई दिवसातून चार वेळा गेली तरी तिचा आकडा शून्य. नियम करणाऱ्यांच्या मनात तिच्याविषयी वाईट होते असे मुळीच नाही. रस्त्यावरच्या कोंडीचे माप काढायचे म्हणून तो नियम झाला. पण जे मोजणीत येत नाही ते निर्णयातही येत नाही, हे तिथे उभे राहिले की लख्ख कळते. गाडगीळांनी कालव्याच्या हिशोबात नेमके हेच केले. जे मोजणीबाहेर होते त्यांना मोजणीत आणले.

त्याचे फळ मिळायला सोळा वर्षे लागली. सिंचन प्रकल्प मंजूर करण्याचे निकष काय असावेत, हे ठरवण्यासाठी केंद्र सरकारने गाडगीळांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६४ साली समितीने सांगितले की, तिजोरीचा नफातोटा ही कसोटी सोडा आणि समाजाला होणारा एकूण लाभ व एकूण खर्च यांचे प्रमाण पाहा. लाभ खर्चाच्या दीडपट असावा, असा दंडक पुढे रूढ झाला. एका संस्थेने कालव्याकाठच्या गावांतून गोळा केलेली माहिती अशा रीतीने साऱ्या देशाचा नियम बनली. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर दल्लीराजहऱ्याहून रावघाटकडे जाणारी लाईन पाहा. ती लाईन मुळात प्लांटला लोहखनिज मिळावे म्हणून. पण २०२२ मध्ये प्रवासी गाडी अंतागडपर्यंत पोहोचली तेव्हा तिथल्या शाळकरी पोरांना आणि दवाखान्यात जाणाऱ्या रोग्यांना जो लाभ झाला, तो खनिजाच्या भाड्याच्या पावतीत कुठे लिहिणार?

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्नही गाडगीळांनी याच पद्धतीने हाताळला. शेतीच्या पतपुरवठ्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४५ चा. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपाहणी केली. ए. डी. गोरवाला हे तिच्या संचालन समितीचे अध्यक्ष आणि गाडगीळ हे एक प्रमुख सदस्य. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे! संगणक नाही, मोबाईल नाही. सगळे काम वही-पेन्सिलीवर. निष्कर्ष डोळे उघडणारा होता. शेतकरी जे कर्ज काढत होता त्यातले जवळपास सत्तर टक्के सावकाराकडून येत होते. सहकारी सोसायट्यांचा वाटा फक्त तीन टक्क्यांच्या आसपास आणि सरकारचाही तेवढाच. आणि सहकाराचा कायदा होऊन तर पन्नास वर्षे होत आली होती!

सोसायट्या निरुपयोगी ठरल्या, बंद करा, असे म्हणायला एवढे आकडे पुरेसे होते. समितीने तसे केले नाही. सोसायटी दुबळी का राहते, तर तिच्या पाठीशी भांडवल नाही, गोदाम नाही आणि माल विकायची सोय नाही, हे तिने दाखवले आणि सरकारने भागीदार म्हणून उभे राहावे अशी शिफारस केली. इंपीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत झाले ते याच अहवालावरून, आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली गेली. आज छत्तीसगढमध्ये धान विकायला शेतकरी सोसायटीत जातो, तिथेच त्याला खत आणि कर्ज मिळते. ही पतपुरवठा आणि विक्री एकत्र जोडण्याची कल्पना त्या अहवालात आहे.

गाडगीळ नुसते अहवाल लिहून थांबले असते तर ते थोर विद्वान म्हणून ओळखले गेले असतेच. पण ज्या प्रवरा कालव्याचा त्यांनी अभ्यास केला, त्याच कालव्याकाठी लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढायचे म्हणत होते. विखे पाटलांचे शालेय शिक्षण जेमतेम, पण अनुभव दांडगा. गाडगीळ केंब्रिजचे. दोघांचे जमले कसे, याचे नवल वाटते. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला, गावोगाव फिरून शेअर गोळा केले गेले आणि महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील. सुरुवातीची कित्येक वर्षे गाडगीळांनी ते पद सांभाळले. आपण जे कागदावर मांडले ते जमिनीवर चालते की नाही, हे त्यांनी स्वतः जोखीम पत्करून पाहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे. महाराष्ट्रातला साखरेचा सहकार पुढे वाढला, त्याने शाळा, दवाखाने, रस्ते आणले. पण कालांतराने अनेक कारखाने मोजक्या घराण्यांच्या हाती गेले, काही बुडाले, आणि उसाने पिण्याच्या पाण्यावरही ताण आणला. विदर्भ-मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी, ज्याच्या शेजारी कालवाच नव्हता, तो या भरभराटीपासून दूरच राहिला. याचे सारे श्रेय किंवा सारा दोष एका माणसावर घालता येणार नाही. पण चांगल्या अभ्यासातून निघालेल्या धोरणाचीसुद्धा दर काही वर्षांनी नव्याने मोजणी करावी लागते, एवढे त्यावरून नक्की शिकता येते. रूळ एकदा टाकले म्हणजे काम संपले असे आमच्याकडेही नसते; की-मॅन रोज चालत जाऊन तपासतोच.

सल्ला मानला जाईलच असेही नसते. युद्धकाळात आणि नंतर गाडगीळांनी रेशनिंग आणि भावनियंत्रणाचा आग्रह धरला होता, कारण टंचाईत नियंत्रण उठवले की गरिबाच्या ताटातले आधी जाते. १९४७ साली सरकारने जिनसांच्या भावांसाठी एक मंडळ नेमले. त्यात गोरवालांबरोबर गाडगीळ होते. त्या मंडळाचा सल्ला बाजूला ठेवून वर्षअखेरीस नियंत्रणे उठवण्याचा निर्णय झाला. भाव भडकले आणि १९४८ मध्ये कापडाची व धान्याची नियंत्रणे सरकारला पुन्हा आणावी लागली. अभ्यासक बरोबर ठरला, पण तोवर किंमत सामान्य माणसाने मोजली होती.

आता आपल्या भिलाईशी त्यांचा जो संबंध येतो तो थोडा नाजूक आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत हा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. नागपूर, भंडारा, गोंदिया, अमरावतीकडून आपले वाडवडील इथे आले ते त्या योजनेमुळे. आणि गाडगीळ त्याच योजनेचे एक परखड टीकाकार होते! कारखान्यांना त्यांचा विरोध नव्हता. अवजड उद्योगांत एवढा पैसा ओतायचा तर धान्याचा पुरवठा, भाव आणि वाटप यांचे पक्के धोरण बरोबरीने हवे, नाही तर महागाईचा भार गरिबावर पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. धान्यटंचाई आणि भाववाढ यांनी पुढच्या दहा वर्षांत देशाला बेजार केले, तेव्हा त्या म्हणण्यातले तथ्य दिसून आले. ज्या योजनेने आपल्याला भाकरी दिली तिच्यावर टीका करणाऱ्याचे चरित्र मी लिहितो आहे, यात मला विसंगती वाटत नाही. मशीन चालू असतानाच कुठे आवाज येतोय हे सांगणारा माणूस लागतोच. धान्यवाटपाच्या बाबतीत तर आपल्याच राज्याने नंतर चांगले उदाहरण घालून दिले. छत्तीसगढने २००४ साली रेशनची दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून पंचायती, सोसायट्या आणि महिला बचत गटांकडे दिली. त्या सुधारणेचा देशभरच्या संशोधकांनी अभ्यास केला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चर्चेत तिचा दाखला वारंवार दिला गेला.

ज्या योजनांवर इतकी वर्षे टीका केली, त्याच योजनांचे सुकाणू १९६७ साली गाडगीळांच्या हाती आले. त्याआधी वर्षभर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. नियोजन आयोगाची त्या वर्षी पुनर्रचना झाली आणि ते उपाध्यक्ष झाले. दोन लढाया, दोन दुष्काळ आणि रुपयाचे अवमूल्यन यांमुळे पंचवार्षिक योजना थांबलेली होती. बऱ्याच राज्यांत काँग्रेसची सरकारे जाऊन दुसरी आली होती. अशा वेळी दिल्लीकडून राज्यांना योजनेसाठी मिळणारा पैसा कोणाला किती द्यायचा, हा मोठा वादाचा प्रश्न होता. तोवर हे वाटप योजनावार आणि वाटाघाटीने चाले. ज्याचे दिल्लीत वजन, त्याचे पारडे जड, अशी इतरांची तक्रार असे.

गाडगीळांनी त्यासाठी नियम करून दिला. १९६९ साली राष्ट्रीय विकास परिषदेने तो मान्य केला आणि तो गाडगीळ सूत्र म्हणून ओळखला जाऊ लागला. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी बाजूला काढायच्या. उरलेल्या पैशापैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात. १० टक्के फक्त अशा राज्यांना, ज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी आहे. १० टक्के राज्य स्वतः कर गोळा करण्यासाठी किती झटते त्यावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्याच्या खास अडचणींसाठी. मिळणाऱ्या मदतीत ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. कोणीही मुख्यमंत्री कागद-पेन्सिल घेऊन आपला वाटा स्वतः तपासू शकेल, इतके ते उघड होते.

आपण परमुलखात राहणारी मराठी माणसे. आपल्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. गाडगीळ महाराष्ट्राचे कट्टर अभिमानी. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत ते सुरुवातीपासून होते आणि १९४७ च्या अकोला करारावर त्यांची सही आहे. पण त्यांनी केलेल्या सूत्रात गरीब राज्यांसाठी जे दहा टक्के होते, त्यातला एक पैसाही महाराष्ट्राला मिळाला नाही, कारण महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सरासरीच्या वर होते. तो हिस्सा मिळाला मध्य प्रदेशाला, ज्यात तेव्हा आपले दुर्ग-भिलाई होते. न्यायाची तागडी हातात घेतल्यावर आपले गाव कुठल्या पारड्यात आहे हे पाहायचे नसते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

सूत्र परिपूर्ण होते असे नाही. गरीब राज्यांसाठी दहा टक्के फार थोडे, अशी टीका झाली आणि ती खरी होती. १९८० साली तो हिस्सा वीस टक्के केला गेला, १९९१ मध्ये पंचवीस. पण वाटणी नियमाने व्हावी हे तत्त्व टिकले. २०१५ मध्ये नियोजन आयोग जाऊन नीती आयोग आला आणि या मदतीची पद्धतही संपली, तोपर्यंत म्हणजे पंचेचाळीस वर्षे त्या सूत्राने, बदलत बदलत का होईना, काम केले.

आणखी एक काम सांगतो, जे आपल्या बँकेतल्या मंडळींना ठाऊक असेल. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शंभरात एका खेड्यातही तेव्हा व्यापारी बँकेची शाखा नव्हती. गाडगीळांच्या अभ्यासगटाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुचवले की, प्रत्येक भागाची गरज पाहून बँकांनी काम वाटून घ्यावे. त्यातूनच डिसेंबरमध्ये अग्रणी बँक योजना निघाली, म्हणजे एका जिल्ह्याची पुढाकाराची जबाबदारी एका बँकेकडे. ती आजही प्रत्येक जिल्ह्यात चालू आहे.

१९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन आयोगात पुन्हा फेरबदल झाले आणि गाडगीळांनी पद सोडले. दिल्लीहून पुण्याला परतण्याच्या वाटेवरच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. वय सत्तर. त्यांच्यामागे गोखले संस्थेत प्रा. वि. म. दांडेकर होते, दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. गाडगीळांचे चिरंजीव माधव गाडगीळ हे पर्यावरणशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा २०११ चा पश्चिम घाटाचा अहवाल सरकारने जसाच्या तसा स्वीकारला नाही, पण घाटात दरड कोसळली की प्रत्येक वेळी त्याची आठवण निघते. वडिलांच्या वाट्याला आले तेच मुलाच्याही वाट्याला आले. अभ्यास कधी लगेच कामी येतो, कधी सोळा वर्षांनी, कधी नुकसान झाल्यावर. पण तो आधी केलेला असावा लागतो. गरज पडल्यावर घाईने तो करता येत नाही.

वाचकहो, आपण दरवर्षी महानगरपालिकेला आणि रेल्वेला निवेदने देतो. नाली तुंबते, बाजाराच्या दिवशी रस्ता अडतो, दिवे नाहीत. निवेदनाखाली सह्या भरपूर असतात, आकडे मात्र एकही नसतो. माझी मंडळाला एक नम्र विनंती आहे. पुढच्या निवेदनाआधी आपल्या तरुण पोरापोरींनी आठवडाभर वही घेऊन उभे राहावे. रविवारी किती माणसे चालत जातात, किती म्हातारी, किती शाळकरी. पाणी किती तास साचते, किती घरांत शिरते. हातगाडीवाला, मोलकरीण, पाटीवाली यांनाही त्या वहीत जागा द्यावी, कारण त्यांची मोजणी दुसरे कोणी करणार नाही. एका रंगीत कमानीच्या खर्चाच्या मानाने या कामाला काहीच लागत नाही. साहेबांच्या टेबलावर सह्यांच्या कागदापेक्षा असा तक्ता अधिक बोलतो, हे मी खात्यात राहून सांगतो.

कै. धनंजयराव गाडगीळ यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. आणि सर्व मराठी बांधवांना, तसेच रेल्वेतील व प्लांटमधील माझ्या सहकाऱ्यांना गणेशोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

गणपती बाप्पा मोरया!